पाण्याच्या उताराने : बाबांबरोबर एलान खोऱ्यात सायकलवर

बर्मिंगहॅममध्ये आमच्या घरच्या नळाला येणारं पाणी वेल्सच्या डोंगरांतून येतं. एलान खोऱ्यातल्या धरणांपासून शहराच्या वेशीवरच्या फ्रँकली जलाशयापर्यंत अंतर ११८ किलोमीटर, आणि वाटेत कुठेही पंप नाही. एवढ्या अंतरात पाणी उतरतं फक्त ५२ मीटर, म्हणजे २३०० फुटांना एक फूट. बोगद्यांतून, डोंगरकडेच्या झाकलेल्या पाटांतून आणि नद्या ओलांडताना सायफनच्या नळांतून, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश येत ते दीडेक दिवसात पोचतं. १९०४ सालापासून हे असंच चालू आहे.

बाबांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं धोम धरणाच्या कालव्यावर. कालव्याच्या भरावावरून जो निरीक्षण रस्ता जातो, त्यावरून त्यांची रोजची फिरती सायकलवर असायची. कुठे पाझर आहे, कुठे भराव खचलाय, कुणी रात्रीतून पाट फोडलाय, हे सगळं त्यांनी सायकलवरून पाहिलं. निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या रस्त्यांवर ती सायकल चालवणं हळूहळू बंद झालं. त्यांचे पाय अजून दणकट आहेत, पण मागून येणाऱ्या गाड्यांच्या धास्तीने सायकल चालवण्यातला आनंदच गेला. त्यांना हा २३०० चा आकडा मी फोनवर सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "एकास दोन हजार तीनशे? आणि शंभर किलोमीटरच्या वर? हे बघायलाच पाहिजे गं."

ते एप्रिलमध्ये आमच्याकडे राहायला आले आणि मेच्या सुरुवातीला आम्ही दोघं निघालो. माझी सायकल आणि त्यांच्यासाठी माझ्या नवऱ्याची टूरिंग सायकल. धरणं बांधताना दगड-सिमेंट वाहून न्यायला जी रेल्वे टाकली होती, तिच्याच रुळांच्या जागी आता चौदाएक किलोमीटरची सायकलवाट आहे. तिचं नाव एलान व्हॅली ट्रेल. तिच्यावर मोटारी नाहीत. बाबांना घेऊन जायला याहून चांगली जागा मला सुचली नसती.

मंगळवार

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून श्रूसबरी, आणि तिथून हार्ट ऑफ वेल्स मार्गावरची छोटीशी गाडी. या मार्गावर दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि सायकलींना जागा त्याहून मोजकी, म्हणून आधीच विचारून ठेवलं होतं. श्रूसबरी सोडल्यावर डोंगर जवळ यायला लागतात. नकलसच्या पुलावर, ज्याच्या दोन्ही टोकांना किल्ल्यासारखे बुरूज बांधलेत, बाबा खिडकीला चिकटून बसले होते. माझ्या सासूबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच निम्मी संपली.

लँड्रिंडॉड वेल्सला उतरून रेयडर गावापर्यंत वीसेक किलोमीटर सायकलने जायचं होतं. पहिले काही किलोमीटर मोटारींच्या रस्त्याने जावं लागतं, आणि ते मला आवडले नाहीत. मी बाबांच्या मागे राहिले, मागून गाडी आली की सांगत. न्यूब्रिज-ऑन-वायच्या पुढे मात्र वाय नदीच्या पश्चिम काठाने एक अरुंद रस्ता लागतो. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ८ इथून जातो. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, कुंपणाच्या सांदीतून निळी ब्लूबेल फुलं, पलीकडच्या कुरणांत यंदाची कोकरं. अर्ध्या तासात एक ट्रॅक्टर भेटला आणि तोही थांबून आम्हाला वाट देऊन गेला.

बाबांनी आयुष्यभर बिनगिअरची सायकल चालवलेली. पहिल्या चढाला ते सवयीने पॅडलवर उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, उभे राहू नका, डावीकडचा खटका दाबा." त्यांनी दाबला, साखळी खालच्या चक्रावर गेली आणि ते बसल्या बसल्या चढ चढून गेले. वर पोचल्यावर म्हणाले, "हे आमच्या वेळी असतं तर मेणवलीच्या पुढची फिरती किती सोपी झाली असती."

मुक्काम रेयडरमध्ये, नदीजवळच्या एका घरगुती खानावळीत. मालकीणबाईंनी सायकली त्यांच्या कोळशाच्या खोलीत ठेवायला दिल्या आणि बाबा शाकाहारी आहेत म्हटल्यावर बटाट्या-कांद्याचं दाट सूप करून दिलं.

बुधवार

सकाळी निघालो तेव्हा रात्रीच्या पावसाने रस्ता ओला होता, पण आभाळ उघडलेलं. रेयडरचा पूल ओलांडला की नदीच्या पलीकडे कुमदायदूर, आणि तिथूनच ट्रेल सुरू होते. सुरुवातीलाच जुन्या रेल्वेचा बोगदा आहे. तो आता वटवाघळांसाठी राखून ठेवलाय, म्हणून वाट त्याच्या अंगावरून थोडी चढून पलीकडे उतरते. त्यानंतर गुळगुळीत डांबरी पट्टा, खाली एलान नदी, आणि समोर खोरं अरुंद होत जाणारं.

रेल्वेच्या जुन्या मार्गावरून सायकल चालवताना एक गोष्ट पायांना आधी कळते, डोक्याला नंतर. डोंगर दोन्ही बाजूंनी उभे असतात आणि तरी आपल्याला धाप लागत नाही. वाट डोंगराच्या अंगाला धरून वळते, जिथे कडा आडवा येतो तिथे तो फोडलेला असतो, जिथे ओढा येतो तिथे भराव घातलेला असतो. मालाने भरलेले डबे ओढताना इंजिन अडू नये म्हणून कुणीतरी हा चढ मोजून मोजून काढलेला आहे. बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "ही कालव्याचीच आखणी आहे. समपातळी धरून जायचं, आणि हवा तेवढाच उतार द्यायचा." ते बोलताना त्यांचे पाय एका लयीत फिरत होते. इतक्या सहज सायकल चालवताना मी त्यांना फार वर्षांनी पाहत होते.

१८९२ मध्ये ब्रिटिश संसदेने बर्मिंगहॅम नगरपालिकेला हे खोरं घ्यायची परवानगी दिली. शहर कारखान्यांनी फुगलेलं, विहिरी घाण झालेल्या, टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या साथी. इथे पाऊस भरपूर, वर्षाला सुमारे १८३० मिलिमीटर. खोरं अरुंद, त्यामुळे भिंती लहान लागणार. तळाचा खडक पाणी झिरपू न देणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जागा बर्मिंगहॅमपेक्षा उंच. जेम्स मॅन्सर नावाच्या इंजिनिअरने आराखडा केला. १८९३ मध्ये कामाला सुरुवात झाली ती आधी रेल्वेपासून. कामाच्या भरात दिवसाला हजार टनांपर्यंत माल या रुळांवरून जात असे. २१ जुलै १९०४ रोजी राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते उद्घाटन झालं. हे मी बाबांना सांगत होते, पण त्यांचं लक्ष समोर होतं, कारण वळणापलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला होता.

काबान कोख धरण पहिल्यांदा दिसतं ते खालून. ३७ मीटर उंच आणि १८६ मीटर लांब दगडी भिंत, आणि ओल्या एप्रिलनंतर तिच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं पाणी कोसळत होतं. दगडांचे पुढे आलेले कंगोरे पाण्याला फोडतात, त्यामुळे ते गुळगुळीत पडद्यासारखं न येता फेसाळत येतं.

बाबा सायकलवरून उतरले. बराच वेळ बघून म्हणाले, "दरवाजे कुठायत?"

"नाहीतच, बाबा."

"म्हणजे अख्खी भिंतच सांडवा!"

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पाऊस पडतो, पूर एकदम येतो, म्हणून दरवाजे लागतात, पूर नियंत्रण कक्ष लागतो, रात्री-अपरात्री वायरलेसवर पातळी कळवावी लागते. इथे पाऊस वर्षभर थोडा थोडा. धरण भरलं की ते आपोआप वाहतं, माणसाने काही करायचं नाही. भिंतीच्या पोटात मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवलेले आहेत आणि दर्शनी बाजूला घडीव दगड. तो घडीव दगड रेल्वेने बाहेरून आणला, कारण इथला खडक नीट घडवता येत नाही. बाबा म्हणाले, "कोयनेचं रबल काँक्रीट याच जातीचं." अभ्यागत केंद्रातल्या जुन्या फोटोंपुढे ते तासभर होते. वाफेवरच्या क्रेन, लाकडी परांच्या, टोप्या घातलेले मजूर. एका फोटोत पायात खडक साफ करताना माणसं वाकलेली दिसतात. बाबा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाया असाच धुवून घ्यावा लागतो. ब्रशने."

नदीपलीकडे एलान गाव आहे. धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी इथे आधी लाकडी झोपड्यांची वसाहत होती. नवीन आलेल्या मजुराला आधी वेगळ्या बराकीत ठेवून उवा-रोग नाहीत याची खात्री करत, मगच वस्तीत घेत. पुलावर पहारेकरी असे, चोरून दारू आत जाऊ नये म्हणून. दवाखाना होता, वाचनालय होतं, शाळा होती. पण मूल ११ वर्षांचं झालं की शाळा संपली, कामावर जायचं. नंतर धरणाच्या देखभालीच्या माणसांसाठी दगडी घरं बांधली, ती अजून आहेत, पुढे बागा, भिंतींवर वेली. फार देखणी वस्ती आहे.

आणि मग पाण्याखाली गेलेली वस्ती. इथून शंभरावर माणसांना उठवलं. अठरा शेतघरं, तीन मोठे वाडे, एक शाळा, एक चर्च गेलं. नुकसानभरपाई मिळाली ती जमीनमालकांना. जे कुळं म्हणून पिढ्यान् पिढ्या राहत होते त्यांच्या हाती काही आलं नाही. केंद्रातल्या फलकावर हे लिहिलेलं आहे. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तेव्हा या धरणांना पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. बाबांनी स्वतः धरणग्रस्तांच्या सातबाऱ्याच्या फायली हाताळलेल्या आहेत, पुनर्वसनाच्या गावठाणात पाणी नाही म्हणून आलेले अर्ज घेतलेले आहेत. ते म्हणाले, "धरण कुणाचंही असू दे. वरच्या माणसाचं घर जातं आणि खालच्या माणसाला पाणी मिळतं. खालच्याने निदान वरच्याचं नाव तरी विसरू नये." बर्मिंगहॅममध्ये मी रोज हे पाणी पिते. ऑफिसात किती जणांना हे खोरं माहीत आहे, मी विचारून पाहिलंय. फारच थोड्यांना.

काबान कोखच्या शेजारून भिंतीच्या माथ्यापर्यंत चढायचा टप्पा हा ट्रेलवरचा सगळ्यात दमवणारा. पण तो लहान आहे, आणि वर पोचल्यावर पाणी एकदम डोळ्यांच्या पातळीला येतं. इथून पुढे वाट खडीची होते. डावीकडे जलाशय, उजवीकडे ओकची जुनी झाडी. हे ओक बुटके, वाकडे, बुंध्यापासून फांद्यांपर्यंत शेवाळाने मढलेले. सतत दमट हवा असलेल्या पश्चिम किनाऱ्याच्या टापूतच असं रान होतं. मेमध्ये आफ्रिकेतून आलेले पाहुणे पक्षी इथे घरटी करतात. काळा-पांढरा पाईड फ्लायकॅचर झाडावरच्या घरट्याच्या खोक्यात ये-जा करताना आम्हाला नीट दिसला, रेडस्टार्ट नुसताच ऐकू आला.

पुढे गारेग दी. इथे पाण्यावर कमानींचा पूल दिसतो, मोटारींचा रस्ता त्यावरून पलीकडे जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं हा फक्त पूल आहे. पुलाच्या पायांखाली, पाण्यात बुडालेलं, एक अख्खं धरण आहे. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि वहीत रेघा काढायला लागले. उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. काबान कोखमधून खाली वाय नदीला ठरलेलं पाणी सोडावंच लागतं, खालच्या लोकांचा तो हक्क आहे. उन्हाळ्यात ते सोडलं की पातळी उतरणार. पण शहराचं पाणी जिथून उचलतात तो व्हॉइल टॉवर वरच्या भागात आहे आणि तिथली पातळी ठरावीक उंचीखाली गेली तर फ्रँकलीपर्यंतचा उतारच मिळणार नाही. म्हणून मध्ये बुडीत भिंत, जी वरचं पाणी अडवून धरते. "नदीचं नदीला, शहराचं शहराला," बाबा वही मिटत म्हणाले. व्हॉइल टॉवर काठालाच आहे, हिरव्या पडलेल्या तांब्याच्या घुमटाचा दगडी मनोरा. इथून आत गेलेलं पाणी आमच्या स्वयंपाकघरात निघतं. बाबांनी त्याच्या भिंतीला हात लावला, आणि मग मीही लावला.

दुपारची दशमी पेन-अ-गारेग धरणाखाली खाल्ली. हे धरण झाडीच्या मधोमध आहे, तिन्हींत मला हेच सगळ्यात आवडलं. भिंतीच्या पोटातून जाणारा बोगदा मधल्या मनोऱ्यापर्यंत जातो, पण तो वर्षातले ठरावीक दिवसच लोकांना उघडतात. पुढे सुरुंगाने फोडलेल्या खडकातून वाट जाते, त्या जागेला डेव्हिल्स गल्च म्हणतात. दोन्ही बाजूंना ओला काळा खडक, त्यावर नेची, आणि खडकात पहारीने पाडलेल्या भोकांच्या खुणा अजून ओळखू येतात.

झाडी मागे पडली, वारा वाढला, आणि सगळ्यात वरचं क्राइग गोख समोर आलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१७ मीटरवर, पाण्याकडे फुगलेली सुबक कमान, माथ्यावर कमानींवरून जाणारा अरुंद रस्ता आणि घुमटाचा मनोरा. फक्त पाणी अडवायचं असतं तर एवढी कलाकुसर लागली नसती. ज्यांनी बांधलं त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता, हे दगडात दिसतं. ट्रेल इथे संपते. पुढे पोंत-आर-एलानवरून डोंगररस्त्याने रेयडरला गोल फिरून येता येतं, बरेच जण तसं करतात. मी मात्र त्याच वाटेने परत फिरायचा सल्ला देईन. उतारावर पॅडल जवळजवळ मारावंच लागत नाही, आणि येताना पाठीमागे राहिलेलं सगळं आता समोर येतं. बाबा माझ्या पुढे होते. शेवटच्या डांबरी पट्ट्यावर त्यांनी घंटी वाजवली, समोर कुणी नसताना.

गुरुवार

आज शेजारच्या खोऱ्यातलं क्लाइरवेन धरण. गारेग दीपर्यंत कालचीच वाट, मग पूल ओलांडून नांतग्विल्ट चर्चपाशी. बुडालेल्या चर्चच्या बदल्यात नगरपालिकेने बांधलेलं हे चर्च, पाण्याकाठी एकटंच उभं. इथून क्लाइरवेन धरणापर्यंत मोटारींचा रस्ता आहे, पण आठवड्याच्या मधल्या वारी त्यावर चार-पाचच गाड्या दिसल्या, आणि त्या सगळ्या हळू होत्या.

रस्त्यात डोल-अ-मनाख लागतं, अर्ध्यावर सोडलेलं धरण. काबान कोख भरल्यावर ही जागा पाण्याखाली जाणार म्हणून त्याचा पाया आधीच घालून ठेवला होता. वरची धरणं नंतरच्या टप्प्यात बांधायची होती. पुढे योजनाच बदलली, आणि छोट्या धरणांऐवजी एकच मोठं क्लाइरवेन बांधलं गेलं. कालच्या तीन धरणांत मिळून जवळजवळ जेवढं पाणी मावतं तेवढं या एकट्यात मावतं. ५६ मीटर उंची, ३५५ मीटर लांबी, आणि उद्घाटन ऑक्टोबर १९५२ मध्ये, गादीवर येऊन वर्षही न झालेल्या राणी एलिझाबेथच्या हस्ते. तोवर काँक्रीटचं युग आलं होतं, तरी जुन्या धरणांशी शोभावं म्हणून दगडी दर्शनी केली. त्यासाठी इटलीहून पाथरवट आणावे लागले.

धरणाच्या माथ्यापासून उत्तर काठाने कच्ची वाट निघते. कायद्याने ती मोटारसायकलींनाही खुली आहे, पण त्या दिवशी एकही नव्हती. झाड नाही, घर नाही, तार नाही. पिवळट गवताचे लांबलचक डोंगर आणि पाण्याचे एकामागून एक आत शिरलेले फाटे. वाट प्रत्येक फाट्याला वळसा घालत जाते, त्यामुळे समोरचं टोक जवळ दिसतं आणि पोचायला वेळ लागतो. खड्ड्यांत पाणी होतं, वारा समोरून होता. क्लाइरवेन शेतघराच्या अलीकडेच आम्ही थांबलो आणि एका खडकाच्या आडोशाला थर्मासमधला चहा प्यालो.

इथे बाबा आपणहून बोलले. धोमच्या डाव्या कालव्याविषयी. सकाळी सहाला निघायचं, दहा-बारा किलोमीटर जायचं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि हळद, आणि रस्त्यावर दुसरं कुणी नाही. ते म्हणाले, त्या वेळी ती नोकरी होती, मजा आहे हे लक्षातच आलं नाही. मग थोड्या वेळाने, "आपल्या प्रत्येक कालव्याला असा रस्ता आहे गं. मैलोन् मैल. चढ नाही, उतार नाही. नुसता मुरूम टाकून, गेटं लावून गाड्या बंद केल्या, तर म्हातारी माणसं चालवतील, शाळेची पोरं चालवतील."

मला हे पटतं, आणि फार पटतं. आज त्यातले बरेच रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले आहेत, काहींवर बाभळी वाढल्यात, आणि पाण्याच्या कडेला कठडा नाही हा धोकाही खरा आहे. पण आखणी झालेली आहे, जमीन संपादित झालेली आहे, उतार मोजलेला आहे. सगळ्यात अवघड काम कधीच होऊन गेलंय. वेल्समध्येही कुणी सायकलवाट म्हणून हा मार्ग बांधला नव्हता. काम संपल्यावर रूळ उचलले, आणि उरलेल्या पट्टीचं काय करायचं हे नंतरच्या लोकांनी ठरवलं.

परतताना वारा पाठीशी. रेयडरला पोचेपर्यंत संध्याकाळचे सात, आणि अजून लख्ख उजेड. हा सगळा टापू २०१५ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा काळोख मुद्दाम जपलेली जागा, म्हणून रात्री गावाबाहेर जाऊन आभाळ बघायचं ठरवलं होतं. ढग आले. झोपलो.

शुक्रवार

सकाळी एलान गावात सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि काबान कोखच्या दक्षिण काठाने पायी नांत-अ-ग्रोला गेलो. एका ओढ्यावर मजुरांच्या वस्तीला पाणी द्यायला बांधलेलं छोटं धरण होतं, ते काम संपल्यावर कुणाच्या उपयोगाचं उरलं नव्हतं. १९४२ मध्ये बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने जर्मनीतली धरणं कशी फोडता येतील हे तपासायला इथे स्फोट घडवून पाहिले. मे महिन्यातला पहिला प्रयोग फसला. जुलैमध्ये स्फोटकं पाण्याखाली भिंतीला चिकटवून उडवली तेव्हा मधला भाग फुटून गेला. पुढच्या वर्षी मेमध्ये ब्रिटिश विमानांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणं फोडली आणि खालची हजाराहून जास्त माणसं त्या पुरात गेली. ओढा आता त्या खिंडारातून शांत वाहतो, दोन्ही बाजूंना तुटलेली भिंत शेवाळलेली. बाबा इथे फार थांबले नाहीत. ज्याने आयुष्यभर फुटू नये म्हणून भिंती तपासल्या, त्याला हे बघवेना.

दुपारी रेयडरच्या कडेला गिग्रिन फार्मवर लाल घारींना खाणं घालतात ते पाहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये या घारी फक्त मध्य वेल्सच्या याच डोंगरांत थोड्याशा जोड्या उरल्या होत्या. आता शेकडो एकदम उतरतात, आणि दुभंगलेल्या तांबूस शेपटीने वळण घेतात ते डोक्यावर अगदी जवळ.

मग लँड्रिंडॉडला परत. तिथे ऑटोमोबाइल पॅलेस नावाच्या जुन्या इमारतीत नॅशनल सायकल म्युझियम आहे, गाडीला वेळ असेल तर जरूर जावं. बाबा उंच चाकाच्या पेनी-फार्दिंगपुढे कमी आणि साध्या काळ्या, दांडीच्या, मागे कॅरिअर असलेल्या सायकलींपुढे जास्त रमले.

जायचं असेल तर मे-जून उत्तम. पाऊस मात्र कोणत्याही महिन्यात गृहीत धरा, रेनकोट पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. हार्ट ऑफ वेल्सच्या गाडीचं वेळापत्रक पाहूनच बाकीचं ठरवा, एक चुकली तर पुढची काही तासांनी असते. रेयडर ते क्राइग गोख लहान मुलांना, वडीलधाऱ्यांना, बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेणाऱ्यांना निर्धास्त करता येईल. वाटेत दोन-तीन ठिकाणी मोटारींचा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढं जपा. क्लाइरवेनच्या कच्च्या वाटेला जाड टायर लावा आणि डबा बरोबर घ्या. त्या धरणापलीकडे चहासुद्धा मिळत नाही.